विहिरीतली आडवी बाटली

"सर, लाल वाईन जुनी झाली म्हणजे खरंच चांगली होते का, का त्या नुसत्या बाता हायेत?"

हा प्रश्न विचारला वैजयंतीनं, आणि विचारला तो शाळेच्या हॉलमध्ये, माइक हातात धरून, करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात. तिच्या आधीच्या पोरींनी नर्सिंगची फी आणि पोलीस भरतीची उंची विचारून घेतली होती. हॉलमधला पंखासुद्धा एक गिरकी चुकला, असं नंतर रत्नमालानं शपथेवर सांगितलं. पैज तिनंच लावली होती. रत्नमाला आणि नीलिमा या वैजयंतीच्या बाकावरच्या मैत्रिणी. हा प्रश्न विचारायची हिंमत वैजीत असेल तर आठवडाभर मधल्या सुट्टीतली कचोरी आपल्याकडून, असं त्यांनी सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच ठरवलं होतं. दहावीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हणतानासुद्धा जी शेजारणीच्या कानात बोलायची, ती बारावीतली वैजयंती उठली, आणि विचारून मोकळी झाली.

खरी मौज तर पुढंच होती. मंचावर पाहुण्यांच्या शेजारी, गळ्यात हार आणि मांडीवर नारळ घेऊन, वैजयंतीची आई बसली होती. त्या दिवशीची सत्कारमूर्ती. गिरजाबाई.

गिरजाबाईचा सत्कार कशासाठी, हे वाशीमकडच्या किन्हीराजापासून मालेगावपर्यंत कोणालाही विचारा. आठ वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान ठेवायचं की उठवायचं यावर बायांचं मतदान झालं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गिरजाबाई भाजीची टोपली डोक्यावर घेऊन घरोघर फिरली, मेथीच्या जुडीमागं एकेक मत बांधून आणलं, आणि बाटली अशी आडवी पाडली की दुकानाचं शटर पुन्हा वर गेलं नाही. तेव्हापासून लोक तिला आडव्या बाटलीवाली गिरजाबाई म्हणतात, आणि तीही त्या नावाला ओ देते.

आणि तिच्याच पोटच्या पोरीनं, तिच्याच सत्काराच्या दिवशी, माइकवर.

पाहुणे कुठल्याशा कॉलेजचे प्राध्यापक होते. ते आधी लाल झाले, मग पाणी प्यायले, मग म्हणाले की हा प्रश्न तुझ्या वयाचा नाही. मागच्या बाकांवरचे पोट्टे हसायला लागले. मुख्याध्यापकांनी माइक काढून घेतला आणि जाहीर केलं की या मुलीनं सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढं माफी मागावी. पालकांना बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, पालक शेजारच्याच खुर्चीत होते. गिरजाबाईनं मांडीवरचा नारळ घट्ट धरला आणि एवढंच म्हटलं, "मागीन पोरगी माफी."

वैजयंतीनं कचोरी मात्र खाल्ली. हरलेल्या पैजेची कचोरी रडत खातात, ही तर जिंकलेली होती. पोट्टे 'वाईनबाई, वाईनबाई' करत गेटापर्यंत मागं आले, तेव्हा तिनं वळून विचारलं की उत्तर माहीत असेल तर बोला, नाही तर रस्ता सोडा. रस्ता सुटला. नीलिमा तिच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून म्हणाली, "आमच्या घरी त घोटभरबी चालत नाही, पंचशील हाय. पण प्रश्न इचारू नको, असं मले कोणी सांगतलं नाही बाप्पा."

पण एक गोष्ट वैजयंतीनं मैत्रिणींनाही सांगितली नव्हती. पैज त्यांची होती, प्रश्न तिचा होता.

उन्हाळ्यात ती मामाकडे नाशिकला गेली होती, मामीच्या बाळंतपणाला हाताखाली. देवानंदमामा तिकडच्या एका वाईनच्या कारखान्यात कामाला. आधी पिंपं धुवायचा, आता तळघर सांभाळतो. एक दिवस त्यानं भाचीला कारखाना दाखवायला नेलं. तिथं वाईन बनवणाऱ्या मॅडम होत्या, पायात गमबूट, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. त्यांच्या टेबलावर इवल्या इवल्या कुप्यांची रांग होती, प्रत्येकीत एकेक वास. नवीन माणसांचं नाक तपासायची ती त्यांची रीत. त्यांनी गमतीनं एक कुपी वैजयंतीपुढं धरली. तिनं डोळे मिटले आणि सांगितलं, लवंग. दुसरी, ओलं पोतं. तिसरी, तंबाखूचं पान. चौथी, पिकलेलं जांभूळ. पाचवीला जरा थांबली आणि म्हणाली, वैरणीची गंजी, पण पाऊस पडून गेल्यावरची. मॅडमनी हातातलं काम ठेवलं. हे नाक कुठून आणलं, त्यांनी विचारलं.

"मेथीतून," वैजयंती म्हणाली.

ते खरंच होतं. तिचे बाबा, बापूराव, रोज पहाटे भाजी घेऊन बाजाराला निघतात, आणि निघण्याआधी पोरीला हाक मारतात, वैजे, हे पोतं हुंगून पाह्य. कोणती जुडी दुपारपर्यंत टिकेल, कोणती आतून गरम झाली, कुठल्या सांबाराला, म्हणजे कोथिंबिरीला, काल पाणी जास्त झालं, हे तिला पहिलीपासून नाकानं कळतं. घरात ते कोणाला विशेष वाटलं नव्हतं. जसं एखाद्याला डावा हात चालतो, तसं हिला नाक चालतं. मॅडमनी मात्र सांगितलं की वाईन बनवणं हे शास्त्र आहे, बारावी सायन्सनंतर ते शिकता येतं, आणि अशी नाकं त्या वर्षानुवर्षं शोधत असतात. परतीच्या बसमध्ये हा विचार वैजयंतीच्या शेजारच्या सीटवर बिनतिकिटाचा बसून थेट मालेगावपर्यंत आला. आपलं काहीतरी पहिल्या नंबरचं आहे, हे एकदा कोणी सांगितलं की माणसाचा आवाज आपोआप मोठा होतो. तिचा झाला.

एकच गोष्ट राहून गेली होती. जुनी झाल्यावर वाईनीचं नेमकं काय होतं, असं तिनं मॅडमना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ते सांगून समजत नाही, कधीतरी हुंग. त्या दिवशी तिथं जुनी बाटली उघडलेली नव्हती. प्रश्न तसाच नाकात अडकून राहिला, शिंक येता येता राहावी तसा.

सत्काराच्या दिवशी संध्याकाळी गिरजाबाईनं भाकरी अशी थापली की शेजारच्या मळ्यातलं कुत्रं उठून बसलं. जेवणं झाल्यावर एकदम सगळं तोंडावाटे बाहेर आलं. बायांनी काय म्हटलं, दिव्याखाली अंधार कसा म्हटलं, नारळ कसा जड झाला. आणि शेवटी तिनं ठरवून टाकलेलंही आलं. सोमवारी माफी, बारावीनंतर वाशीमला नर्सिंग, आणि नाशिकचं नाव पुन्हा या घरात नाही. वैजयंतीनं सरळ सांगितलं की प्रश्न वाईट नव्हता, तर माफी कशाची. माफी मागितली म्हणजे मी म्हटल्यासारखं होईल की हा विषयच घाणेरडा, आणि मग त्या वाटेनं मला कोणी पाऊल टाकू देणार नाही, तूसुद्धा नाही.

"देवाले फोन केला म्या," गिरजाबाई म्हणाली. "उद्या येऊन राह्यला. त्यानंच लावलं हे खूळ, त्यालेच काढू दे. त्या धंद्यात काय काय चालते, त्याच्याच तोंडून आयक."

शनिवारी सकाळी देवानंदमामा आला. ओसरीवर चहा घेऊन बसला आणि बहिणीनं सांगितलेलं काम करायला लागला, म्हणजे कपात पाहत बसला. वैजयंतीनं त्याला फार वेळ पाहू दिलं नाही.

"मामा, आईनं विहिरीत ठेवलेली तुमची बाटली आता कशी झाली असन?"

त्या बाटलीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मामा कारखान्यात लागला त्या वर्षीची वाईन भरली तेव्हा मालकानं प्रत्येक कामगाराला एकेक बाटली दिली होती, आणि बजावलं होतं की ही लगेच प्यायची नाही, आठ-दहा वर्षं ठेवायची. आपल्या पहिल्या कामाची पहिली वस्तू म्हणून मामा ती बहिणीकडे घेऊन आला. त्याला आई नव्हती, आईच्या जागी गिरजाबाई. आणि आला तो नेमका मतदानाच्या आठवड्यात. दारोदार आडव्या बाटलीचा प्रचार चाललेला आणि भाऊ दारात उभी बाटली घेऊन उभा. गिरजाबाईला ती फोडवेना, कारण भावाचं तोंड पाहिलं. घरात ठेववेना, कारण स्वतःचं तोंड आठवलं. मग तिनं ती मानेला धरली, विहिरीच्या पायऱ्या उतरली, आणि जुन्या मोटारीच्या खोलीत, कोनाड्यात, झोपवली. विहिरीच्या पोटात अर्ध्यावर बांधलेली ती खोली. पाणबुडी मोटार आल्यापासून तिथं एक बेडूक आणि बियाण्याच्या लसणाची गाठोडी एवढाच संसार. बाटली इथं आडवीच राहीन, तिनं भावाला सांगितलं होतं. तेव्हापासून दर भाऊबिजेला ओवाळता ओवाळता ती त्याला ऐकवते, तुही बाटली आडवीच हाय बरं.

मामानं कप खाली ठेवला. त्याचे डोळे एकदम कारखान्यातले झाले.

"ताई, तुले एक गोष्ट कधी सांगतली नाही म्या. अशी वाईन आडवीच ठेवा लागते."

मग तो थांबेना. बूच ओलं राहिलं पाहिजे, नाही तर ते वाळतं, आक्रसतं, हवा आत जाते आणि सगळ्याचा शिरका होतो. म्हणून आडवी. अंधार पाहिजे. गारवा पाहिजे, आणि तोही बारा महिने एकसारखा. धक्का लागायला नको, कोणी हात लावायला नको. शहरातले श्रीमंत लोक यासाठी जमिनीखाली खोल्या बांधतात आणि गार हवेची मशिनं लावतात. सगळ्याच वाईनी अशा ठेवायच्या नसतात, बहुतेक तर वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, ठेवल्या तर नुसत्या म्हाताऱ्या होतात. ज्या नव्या असताना कच्च्या जांभळासारख्या जीभ धरतात, ज्यांच्यात तुरट आणि आंबट दोन्ही तगडं असतं, त्यांनाच वय मानवतं. ही तशी होती. आणि दारूबंदीच्या गिरजाबाईनं तिला आठ वर्षं अशी सांभाळली होती, की मालकानंही सांभाळली नसती.

गिरजाबाईला आयुष्यात पुष्कळ लोकांनी शाबासकी दिली होती, पण इतका राग कुठल्याच शाबासकीनं आला नव्हता.

वैजयंती उठली. पाहुण्या सरांनी जे सांगितलं नाही ते आपल्याच विहिरीत पडलं आहे, तर मी ते वर आणणार, असं तिनं जाहीर केलं. मी पिणार नाही, घरात कोणी पिऊ नका, मला फक्त हुंगायचं आहे. मामाचं कामच चाखून थुंकायचं आहे, तो थुंकेल.

गिरजाबाई बाजारात भाव तोडताना बोलते त्या आवाजात म्हणाली, "ठीक हाय. बेकार निघाली तर सोमवारी माफी मागशीन?"

"नाही."

"म्हंजे?"

"बेकार निघाली त बाटली बेकार, आई. माहा प्रश्न कायले बेकार होईन?"

बापूराव लसणाच्या गड्ड्या निवडत होते. त्यांच्या हातातली गड्डी क्षणभर थांबली, एवढंच.

वैजयंती विहिरीत उतरली. बेडकानं जागा दिली. बाटलीवर कोळ्याचं जाळं, मातीचा थर, आणि आतल्या कुशीला, जिथं ती इतकी वर्षं झोपली होती, काचेला चिकटलेला काळसर गाळ. ती तान्ह्या बाळासारखी, होती तशी आडवीच, दोन्ही हातांवर घेऊन वैजयंती पायऱ्या चढली. आणि इथंच भानगड झाली. मामानं सांगितलं की जुन्या वाईनीतला तुरटपणा हळूहळू गाळ होऊन बसतो. तो तोंडात आला तर कडू लागतो, म्हणून उघडण्याआधी बाटली एक दिवस उभी ठेवायची, म्हणजे गाळ बुडाला जातो.

उभी. गिरजाबाईच्या ओट्यावर. दिवसाढवळ्या.

वैजयंतीनं ठेवली. आणि पहिली कोण आली असेल तर नानीबाई. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून या गावात नांदायला आलेली नानीबाई मतदानाच्या वेळी गिरजाबाईचा उजवा हात होती, आणि आता सांबार न्यायला आली होती. सांबार बाजूला राहिला. तिनं ओट्याकडे पाहिलं, गिरजाबाईकडे पाहिलं, परत ओट्याकडे पाहिलं.

"गिरजा," ती म्हणाली, "तुह्या घरात उभी?"

गिरजाबाईनं तीन ढांगांत अंगण ओलांडलं आणि बाटली आडवी केली. मामानं कपाळाला हात लावला. बसू लागलेला गाळ सगळा हलला. नानीबाईची पाठ फिरल्यावर वैजयंतीनं बाटली परत उभी केली. गिरजाबाई गोठ्यातून आली, आडवी केली. वैजयंतीनं कणिक भिजवता भिजवता, पिठाच्या हातानं, उभी केली. दिवेलागणीला ती आडवी होती, आणि यावेळी गिरजाबाई तिच्या शेजारीच निवडणटिपण घेऊन बसली, म्हणजे पोरीला हात घालायला जागाच उरली नाही. मामा पुटपुटला की जगात एवढा व्यायाम केलेली जुनी वाईन दुसरी नसेल.

रविवारी पहाटे गिरजाबाई उठून ओट्यावर आली तर बाटली उभी.

पोरगी पांघरुणात, घोरत. मामा खाटेवर, तोंड उघडं. गिरजाबाईनं दोघांना पाहिलं आणि मग फाटकाकडे वळली. बापूराव गाडीला वांग्याचं पोतं बांधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. दोरीची गाठ जरा जास्तच मन लावून मारली, गाडीला किक मारली, आणि जाता जाता म्हणाले, "राहू दे दिवसभर. पोरगी घोट मागून राह्यली नाही, उत्तर मागून राह्यली."

त्या दिवशी बाटलीला कोणी हात लावला नाही. गिरजाबाई तिच्याकडे पाठ करून कामं करत राहिली, एवढंच.

उन्हं कलल्यावर सगळे अंगणात जमले. नानीबाईही आली, देखरेखीला म्हणून. सरबताचा काचेचा जग धुऊन, पुसून, वास जाईपर्यंत उन्हात ठेवला होता. वैजयंतीनं तो हुंगून पास केला. मामानं फिरकीनं बूच काढलं, सावकाश, कारण जुनं बूच तुटतं. तुटलं नाही. मग त्यानं वैजयंतीला मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली धरायला लावला आणि बारीक धारेनं, अजिबात न थांबता, ओतायला लागला. मानेतून लाल उजेड येत होता. शेवटी शेवटी त्यात काळ्या धुरासारखी एक रेघ सरकत आली, तशी मामानं बाटली सरळ केली. तळाचा गाळ तळाशी राहिला. वाईन जगमध्ये होती, आणि ती जांभळी नव्हतीच. कडेला विटेच्या रंगाकडे झुकलेली, जुन्या लुगड्याच्या काठासारखी.

वैजयंतीनं रुंद पेल्यात दोन बोटं घेतली, गोल फिरवली आणि नाक घातलं.

ओलं पोतं. बंद खोली. बुरशी.

तिनं परत हुंगलं. तेच. मामानं पेला घेतला, त्याचाही चेहरा उतरला. नानीबाई म्हणाली, खराब झाली वाटते. गिरजाबाईनं कमरेचा पदर सोडून परत खोचला, काम संपल्यावर खोचते तसा.

"थांबा ना," वैजयंती म्हणाली. "आठ वर्सं विहिरीत झोपली ते. उठल्या उठल्या कोणाच्या तोंडाचा वास चांगला येते?"

बापूरावांना हसू आवरेना, आणि त्यांच्यामुळं नानीबाईला. थांबले सगळे. लसूण निवडून झाला. बकरी येऊन दावं ओढून गेली. वैजयंती मधून मधून पेला फिरवत होती आणि आतून घाबरली होती, कारण तोंडानं काहीही म्हटलं तरी तिला उत्तर हवं होतं, आणि ते चांगलं असावं असं हवं होतं.

मग एकदा तिनं नाक घातलं आणि ते काढलंच नाही.

पोतं गेलं होतं. त्याच्या मागून वाळलेलं जांभूळ आलं, उन्हात ठेवून चिवट झालेलं. मग लवंग. मग तंबाखूचं पान, पण कोरं नाही, कोणाच्या तरी चंचीत मुरलेलं. मग चामड्याच्या जुन्या चपलेचा, चिंचेच्या गोळ्याचा वास, आणि सगळ्यांच्या खाली, अगदी तळाला, उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाहिल्यावर वर येतो तो गारवा. हे वास एकेकटे तिनं कुपीत हुंगले होते. इथं ते एका घरातल्या माणसांसारखे होते, एकमेकांना ढकलत नव्हते, कोणी बोललं की दुसरा ऐकत होता. जुनं झाल्यावर काय होतं ते हे होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं, कारण आता लपवायचं काय.

मामानं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि वांग्याच्या वाफ्यात थुंकला. ज्या वर्षी ही केली त्या वर्षी ही जीभ अशी धरायची की दुसऱ्या दिवशीही सुटायची नाही, तो म्हणाला; आता हात धरून चालल्यासारखी जाते. घाईनं प्यायची नाही, बर्फ घालायचा नाही, पेला भरायचा नाही. बदलत जाते तशी तिच्या मागं मागं जायचं, आणि रात्र व्हायच्या आत ती थकते. बापूरावांनी हुंगलं आणि त्यांना त्यांच्या वडिलांची चंची आठवली. नानीबाई म्हणाली की हा दारूचा वास नव्हे, ही तर लग्नातली पेटी उघडली.

आता फक्त गिरजाबाई राहिली. वैजयंतीनं पेला तिच्यापुढं धरला, आणि हात मागं घेतला नाही.

गिरजाबाईनं पेला घेतला. फिरवला नाही, काही नाही, सरळ हुंगला. एकदा. मग परत एकदा, डोळे मिटून, आणि तिच्या नाकपुड्या अशा हलल्या की बापूराव पोरीकडे पाहायला लागले. नाक कुठून आलं होतं ते सगळ्यांना त्या क्षणी कळलं.

"वास चांगला हाय," गिरजाबाई म्हणाली. "म्हणूनच भेव वाटते."

ती ओट्यावर बसली आणि पहिल्यांदाच पोरीला ते सांगितलं, जे देवानंदला माहीत होतं आणि दुसऱ्या कोणाला नव्हतं. तिचे वडील तिला रोज संध्याकाळी दुकानावर पाठवायचे. ती भाजीच्या टोपलीत, मेथीच्या जुड्यांखाली बाटली लपवून आणायची. उभी, कारण आडवी केली तर सांडते आणि सांडली तर मार बसतो. त्या बाटलीला तर उबग यावा असा वास यायचा, तरी लोक जीव द्यायचे. मग जिचा वास असा आहे, तिच्यापायी किती जातील? आणि ती तू करणार? माझ्या पोरीच्या हातची?

वैजयंतीला आईच्या हातातली ती टोपली दिसली. पण तिनं नजर खाली घातली नाही.

"आई, तुले तवा कोणी इचारलं नव्हतं, बाटली आणाची का नाही," ती म्हणाली. "मंग तुनं गावातल्या साऱ्या बायांले इचारणं लावलं. आडवी म्हणा का उभी म्हणा, पण तुमी सांगा, असं दारोदार म्हणत फिरली तू. आन् घरच्या पोरीले इचारत नाहीस. तुहं भेव खरं हाय. मी ते इसरणार नाही, ते घेऊनच शिकीन. पण तुह्या भेवापायी मी माहं नाक बंद करून बसू?"

गिरजाबाई उठली, जग उचलला, अंगणाच्या कडेला खताच्या खड्ड्याशी गेली आणि सगळी वाईन हळूहळू ओतून दिली. मामाच्या तोंडून एक आवाज निघाला, विंचू चावल्यासारखा. वैजयंतीनं अडवलं नाही. तो वास आता तिच्याजवळ होता, आणि तो ओतता येण्यासारखा नव्हता. खड्ड्यावरून लवंगेची एक शेवटची झुळूक आली आणि शेणखतात मिसळून गेली.

रिकामा जग घेऊन गिरजाबाई परत आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते. बापूराव तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. वैजयंती त्या दोघांच्या समोर आली.

"आई, बाबा, दोघंबी आयका," ती म्हणाली. "उद्या शाळेत मी माफी मागणार नाही. सरांले सांगीन का उत्तर भेटलं, आन् कोणाले आयकाचं असन त त्याले सांगीन. बारावी झाली का नर्सिंगले नाही, नाशिकले जाईन, वाईन बनवाचं शास्त्र शिकाले. मामीच्या घरी राहीन, चार पोरांच्या शिकवण्या घेईन. प्याचं का नाही ते एकवीस वर्साची झाल्यावर पाहू, आता त्याची घाई नाही. तुमी हो म्हणसान त हासत जाईन, नाही म्हणसान त रडत जाईन. पण जाईन."